आम्ही पाह्यलं म्हणजे पाह्यलं!

आठवणीची पावती मागणाऱ्या लोकांचा मला मनस्वी संताप आहे. सावकाराने पावती मागावी, एस.टी.च्या कंडक्टरने तिकीट मागावं, रेशनवाल्याने कार्ड मागावं. ती त्यांची कामंच आहेत. पण जेवणं आटोपून, सुपारी कातरता कातरता एखादा म्हातारा "आम्ही तेव्हा अमुक पाहिलं" असं सांगायला लागला, की खिशातून मोबाइल काढून "थांबा हं, एक मिनिट, तपासून बघू" असं म्हणणारी जी नवी जमात निघाली आहे, तिच्यासाठी मला सभ्य शब्द सापडत नाही. असभ्य पुष्कळ सापडतात, पण ते छापत नाहीत.

या जमातीचा आमच्या घरातला प्रतिनिधी म्हणजे माझा भाचा. पुण्याला संगणकावर काम करतो. काम कसलं, हे त्याने मला तीनदा समजावून सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली आहे. पोरगा गुणी. सुटी मिळाली की मामाच्या गावाला, साखरखेर्ड्याला येतो, मामीच्या हातची भाकरी मुकाट्याने खातो, प्रल्हाद महाराजांच्या दर्शनाला न सांगता जातो. पण त्याच्या अंगात जो सनियावर चार माणसं एकामागे एक रस्ता ओलांडताना दाखवली आहेत, तो सगळ्या भांडणाचं मूळ आहे. ती चार माणसं म्हणजे बीटल्स. भाचा त्यांचा भक्त. भक्त म्हणजे किती, तर आपल्याकडे वारकरी अभंगांचे क्रमांक सांगत नाहीत, पण हा त्यांची गाणी तारखेनिशी सांगतो.

तर गेल्या खेपेला हा महाभाग ओसरीवर पाय पसरून बसला आणि म्हणाला, "मामा, बीटल्सला टीव्हीवर पहिल्यांदा पाहिल्याच्या आठवणी सांगणारे जे म्हातारे आहेत ना अमेरिकेत, त्यातले निम्मे थापा मारतात."

झालं! मी सुपारी खाली ठेवली.

ज्या वाचकांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ९ फेब्रुवारी १९६४, रविवारची रात्र. न्यू यॉर्कमध्ये एड सलिव्हन नावाच्या गृहस्थांचा करमणुकीचा कार्यक्रम टीव्हीवर लागायचा. स्वतः सलिव्हन गात नसत, नाचत नसत, हसतसुद्धा बेताचंच असत. पण त्यांच्या कार्यक्रमात जो आला तो मोठा झाला, अशी ख्याती. त्या रात्री इंग्लंडहून आलेली ही चार पोरं तिथे उभी राहिली आणि तब्बल ७ कोटी ३० लाख माणसांनी त्यांना पाहिलं. सभागृहात जागा ७२८, आणि तिकिटासाठी अर्ज आले ५० हजार. पडद्यावर एकेकाचं नाव येत होतं आणि जॉन लेननच्या नावाखाली, मुलींनो वाईट वाटून घेऊ नका, याचं लग्न झालेलं आहे, अशा अर्थाची सूचना झळकली. आपल्याकडे अशी सूचना सरपंचाच्या पोराच्या फोटोखाली टाकली तर गावातली अर्धी भांडणं मिटतील. पण ते राहू द्या. अकरा आठवड्यांपूर्वीच, नोव्हेंबर १९६३ मध्ये, त्यांचा राष्ट्राध्यक्ष केनेडी गोळ्या घालून मारला गेला होता. सुतकात बसलेल्या घरात अचानक सनईवाला शिरावा तसं त्या देशाला झालं. टॉम पेटी, बिली जोएल यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले गायक सांगत आले, की त्या रात्री आम्ही ते पाहिलं आणि आपल्याला आयुष्यात काय करायचं ते कळलं. आणि घराघरांतल्या बापांनी एकच उद्गार काढला: "हे काय केस आहेत!"

२०२४ साली या गोष्टीला साठ वर्षं झाली. त्यावर माहितीपट निघाला, त्या वेळच्या पोरी आज आज्या होऊन कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि डोळे पुसत पुसत आठवणी सांगत्या झाल्या. मी तो माहितीपट भाच्याच्याच कृपेने पाहिला. मला इंग्रजी यथातथाच समजतं, पण डोळे पुसणं सगळ्या भाषांत सारखंच असतं.

आणि यावर हा म्हणतो, थापा!

त्याचं म्हणणं असं. कुणी म्हातारी कोटाचा रंग सांगायला लागली की समजावं, खोटं. कारण तो कार्यक्रम काळापांढरा होता. कुणी सांगितलं की अमेरिकेच्या टीव्हीवर बीटल्स पहिल्यांदा दिसले ते त्याच रात्री, तर तेही खोटं; नोव्हेंबर आणि डिसेंबर १९६३ मध्ये बातम्यांत त्यांची चित्रफीत दाखवून झाली होती, आणि ३ जानेवारी १९६४ ला जॅक पार नावाच्या दुसऱ्याच गृहस्थाने आपल्या कार्यक्रमात त्यांचं गाणं दाखवलं होतं. कुणी म्हटलं की त्या तासाभरात अमेरिकेत मोटारीच्या चाकाची झाकणंसुद्धा चोरीला गेली नाहीत, तर ती मुळात एका वर्तमानपत्री टवाळीतून निघालेली कंडी. भाच्याने हे सगळं मला अशा आवाजात ऐकवलं, जशा आवाजात तलाठी "तुमच्या सातबाऱ्यावर बोजा आहे" असं सांगतो.

मी त्याला एकच विचारलं. "मग खरं पहिलं दर्शन कोणतं, ते तू सांग."

"१७ ऑक्टोबर १९६२. ग्रॅनाडा टेलिव्हिजन. संध्याकाळचा स्थानिक कार्यक्रम, मँचेस्टरहून थेट. दोन गाणी."

"दाखव."

इथे भाचा गप्प झाला. मोबाइल हातात होता, पण बोट चालेना. कारण दाखवणार काय? त्या कार्यक्रमाची चित्रफीतच उरलेली नाही. उत्तर इंग्लंडपुरता तो दिसला, हवेत गेला आणि संपला. त्या संध्याकाळी चहाचा कप हातात धरून जी माणसं टीव्हीपुढे बसली होती, त्यांच्या डोक्याबाहेर ते गाणं आज कुठेही नाही. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या ताफ्याचं टीव्हीवरचं खरं पहिलं पाऊल, आणि त्याचा साक्षीदार कोण? तर कुणी मँचेस्टरची आजीबाई, जिला तो दिवस बुधवार होता की गुरुवार हेही धड सांगता यायचं नाही. आता तिलाही पावती मागणार का?

आणि हा अपघात एकदाच झाला असं समजू नका. याच बीटल्सनी जून १९६६ मध्ये बी.बी.सी.च्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये स्टुडिओत येऊन हजेरी लावली. ती टेप बी.बी.सी.ने पुसली. पुसली म्हणजे अगदी आपण पाटी पुसतो तशी. टेप महाग होती, जागा कमी होती, कुणी साहेब म्हणाले असतील की परवाच्या बागकामाच्या कार्यक्रमाला टेप हवी आहे. आपल्याकडे तरी निराळं काय झालं? २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि त्या पहिल्या वर्षांतले किती तरी कार्यक्रम आज शोधून सापडत नाहीत, कारण एकावर एक टेप फिरत राहिली. मोठमोठे गवई आले, गाऊन गेले, त्यांच्या आलापीवर दुसऱ्या दिवशी शेतीविषयक चर्चा चढली. शेतीविषयी माझ्या मनात आदर आहे, घरची साडेचार एकर आहे, पण तरीही!

माझा राग आहे तो इथे. ज्यांच्याकडे यंत्रं होती, पगारी माणसं होती, कपाटं होती, त्यांनी पुसलं. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी जपलं, कुठे वेडंवाकडं, कुठे रंग चढवून, कुठे तारीख चुकवून, पण जपलं. आणि आता तपासणी कुणाची? तर जपणाऱ्यांची! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

भाच्याने पवित्रा बदलला. म्हणाला, "मामा, ते परदेशातलं राहू द्या. आपल्या गावाचंच बघा ना. तुम्ही सगळे सांगता की 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा लागलं तेव्हा आपल्या आळीत पाहिलं. मी हिशेब केलाय. ते शक्यच नाही."

आता आमच्या साखरखेर्ड्याला बीटल्स कधी दिसले नाहीत हे मला मान्य आहे. १९६४ साली सबंध हिंदुस्थानात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. इकडे कुणी "अमक्याच्या घरी टी.व्ही. आहे" म्हटलं असतं, तर लोकांनी कधीपासून आहे आणि औषध कुणाचं चालू आहे, असं विचारलं असतं. त्या चौघांपैकी जॉर्ज हॅरिसन तेवढा १९६६ साली रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत येऊन ताजमहाल हॉटेलात उतरला होता, आणि १९६८ च्या जानेवारीत त्याने मुंबईच्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपले वादक घेऊन ध्वनिमुद्रणही केलं. म्हणजे साखरखेर्ड्यापासून एका रात्रीच्या एस.टी.च्या अंतरावर. पण रात्रीची एस.टी. कुणी पकडली नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे बँड म्हणजे लग्नातला. त्यात क्लॅरोनेटवाला जो सूर लावायचा त्यापुढे वरमाईसुद्धा रुसायचं विसरायची.

तेव्हा आमचं पहिलं टीव्हीदर्शन निराळं. १५ ऑगस्ट १९८८. लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांचं भाषण झालं आणि त्यानंतर ते गाणं आलं. सुरुवात भीमसेन जोशींची. मागे धबधबा, पुढे भीमसेनजी. मग एकामागून एक भाषा, चौदा की काय, गायक, वादक, नट, नट्या, क्रिकेटवाले, फुटबॉलवाले, हत्तीवरचा माहूत, आगगाडी, आणि शेवटी लताबाई. जेमतेम सहा मिनिटांचा मामला. त्याच्या चालीमागे आपले अशोक पत्की होते आणि लुई बँक्स हे जॅझवाले होते, हे मला फार उशिरा कळलं. त्या वेळी आम्हाला एवढंच कळलं की हा आमचा ताफा. इंग्लंडचा चार जणांचा, आमचा भरगच्च.

टीव्ही आमच्या आळीत एकच. कापडदुकानवाल्या काकांकडे. शटरचा, काळापांढरा, वर क्रोशाचं झाकण आणि त्यावर प्लॅस्टिकचा गुलाब. आमचं गाव म्हणजे तालुक्यापासून लांब, जिल्ह्यापासून त्याहून लांब. त्या काळात ठिकठिकाणी जे छोटे प्रक्षेपक उभे राहिले, त्यांचा आवाका वीसेक किलोमीटरचा, आणि आम्ही कुठल्याच वर्तुळात धड बसत नव्हतो. म्हणून धाब्यावर उंच बांबू, बांबूला ॲन्टेना, ॲन्टेनाला बूस्टर, आणि एवढं करूनही पडद्यावर निम्मं चित्र नि निम्म्या मुंग्या. शिवाय ते प्रक्षेपक बोलणार ते दिल्लीचं. बातम्या हिंदी-इंग्रजी, मालिका हिंदी, खेद व्यक्त करायचा तोही हिंदीत, 'रुकावट के लिए खेद है'. मुंबई-पुण्याचे लोक 'गजरा' नि 'चिमणराव' यांच्या आठवणी काढून, अख्खा महाराष्ट्र तेव्हा टीव्हीपुढे बसायचा, असं जेव्हा लिहितात, तेव्हा मला त्यांना नकाशा पाठवावासा वाटतो. आमच्या ओसरीतल्या त्या डब्यातून मराठी शब्द क्वचितच बाहेर पडायचा.

आणि म्हणूनच त्या सकाळी, इतक्या भाषांच्या गर्दीत मराठीची ओळ आली, तेव्हा माझी आई, जिला टीव्हीपुढे डुलकी लागायची, ती ताठ झाली आणि मोठ्यांदा म्हणाली, "अगं बाई, आपलं बोलला!" सगळी ओसरी हसली. दोन-चार सेकंदांची ओळ ती. पण आई पुढची बारा वर्षं सांगत होती, की दिल्लीवाल्यांनी मराठीत अख्खं कडवं म्हटलं.

भाच्याचे आक्षेप मुळातून ऐकण्यासारखे आहेत.

आक्षेप पहिला: "मामा, त्या वेळी तर झेंडावंदन असतं. तुम्ही सगळे शाळेच्या मैदानावर असणार." अरे बाबा, त्या वर्षी झेंडावंदन लवकर आटोपलं होतं, कारण गुरुजींनाच टीव्ही पाहायचा होता. भाषण त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. त्याआधी आणि त्यानंतर त्यांनी असं कधी केलं नाही, म्हणून तर सगळ्यांच्या लक्षात आहे. हे कुठल्या मोबाइलमध्ये सापडणार?

दुसरा: "ते गाणं पुढे वर्षानुवर्षं रोज लागायचं. तुम्ही नंतर पाहिलेलं पहिलं म्हणून सांगता." बरं, मग? माणूस बायकोला आयुष्यात हजारो वेळा पाहतो, म्हणून काय बघायच्या कार्यक्रमाची आठवण रद्द होते? उलट हजार वेळा पाहिलं म्हणूनच पहिल्याची किंमत. (हे वाक्य मी मामी ऐकत आहे हे पाहून बोललो. चहा लगेच आला.)

तिसरा आक्षेप त्याने कागदावर मांडून आणला होता. ओसरी इतके फूट गुणिले इतके फूट, माणशी एवढी जागा, म्हणून फार तर चाळीस माणसं; आणि गावात "मी तिथे होतो" असं सांगणारी त्याने मोजली तर दोनशेच्या वर गेली. तेव्हा किमान एकशेसाठ लोक खोटं बोलतात. हे ऐकून मात्र माझा पारा चढला.

चाळीस आत होते, हे खरं. बाकीचे कुठे होते, हे त्या कागदावर नव्हतं. बायका माजघराच्या दारात, एकीच्या खांद्यावरून दुसरी. पोरं खिडकीच्या गजांना वटवाघळासारखी. आणि अंगणात, पावसात, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभे होते ते सालदार आणि पलीकडच्या वस्तीतली माणसं, ज्यांना कुणी "आत या" म्हटलं नव्हतं आणि ज्यांनी तशी अपेक्षाही केली नव्हती. त्यांना दारातून दिसत होता तो टीव्हीचा उजेड, आणि ऐकू येत होतं ते गाणं. त्यांतले एक जण आज सत्तरीला टेकले आहेत. ते सांगतात, "म्या भीमसेनला पाह्यला." भाचा म्हणतो, त्या कोनातून पडदा दिसणं शक्य नाही, भिंत आड येते. असेल. भूमितीत तो पहिला यायचा. पण भिंत आड येते एवढंच ज्याला दिसलं आणि तो माणूस भिंतीच्या त्या बाजूला का होता हे दिसलं नाही, त्याच्या तपासणीला काय चाटायचं आहे? सगळ्यांचा सूर एक व्हावा असं गाणं आत चालू होतं नि तो बाहेर भिजत ते ऐकत होता. त्याने जर पुढे पस्तीस वर्षं स्वतःला आत नेऊन बसवलं असेल, तर त्याचा हक्कच आहे तो. मी तर म्हणतो, पहिल्या रांगेत बसवावं.

आणि न पाहिलेलं आठवतं तसं पाहिलेलं आठवत नाही, हेही लक्षात घ्या. सलिव्हनच्या त्या कार्यक्रमात बीटल्सची पहिली तीन गाणी झाल्यावर लगेच एक जादूगार आला होता. फ्रेड कॅप्स. हॉलंडचा. साधासुधा नव्हे, जादूगारांच्या जागतिक स्पर्धेत तीनदा अजिंक्य ठरलेला. ७ कोटी ३० लाख माणसांनी त्याला पाहिलं. चित्रफीत आहे, पुरावा आहे, सगळं शाबूत आहे. पण आठवणी सांगणाऱ्या आज्यांमध्ये त्याचं नाव घेणारी मला एकही दिसली नाही. बिचारा पत्ते पिसत होता आणि बघणारे अजून मघाच्या केसांतच अडकले होते. म्हणजे पुरावा जादूगाराच्या बाजूने आणि आठवण पोरांच्या बाजूने. आता यात खरं घडलं काय, ते तुम्हीच ठरवा.

पुराव्याचीच गोष्ट निघाली तर आमच्या गावाइतका त्याचा अनुभव कुणाला नसेल. १७२४ साली याच साखरखेर्ड्याच्या रानात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान पडला, निजामाची दक्षिणेतली सत्ता पक्की झाली, पुढे सव्वादोनशे वर्षं टिकलेल्या हैदराबाद राज्याचा पाया म्हणाल तर तो आमच्या शिवारात घातला गेला. निजामाने विजयाच्या आनंदात गावाचं नाव बदललं: फत्तेखेर्डा. झालं, कागदावर चढलं. शाही शिक्क्यानिशी. इंग्रजांच्या पुस्तकांतसुद्धा ते नाव सापडतं. म्हणजे पुरावा पाहिजे तर पुरावा भक्कम. पण गावातल्या माणसाने बैल हाकताना, लेक सासरी धाडताना, बाजारात गूळ तोलताना नाव घेतलं ते साखरखेर्डाच. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी अर्ज केला नाही. नुसतं ऐकलं नाही. तीनशे वर्षं झाली त्याला. आज एस.टी.च्या पाटीवर काय लिहिलं आहे, ते भाच्याने येताना वाचलंच असेल.

हे सांगितल्यावर तो जरा नरमला. म्हणाला, "मामा, पण खरंखोटं असं काही असतं की नाही?"

असतं ना. लढाईत किती मेले, टेप कुणी पुसली, गाण्याचे पैसे कुणाला मिळाले नि कुणाला नाही, याचं खरंखोटं कर. रात्रंदिवस कर, मी तुला कंदील धरतो. दूरदर्शनच्या कपाटात काय उरलं आहे त्याची यादी मागव. नाही दिली तर पुन्हा मागव. तिथे तुझा मोबाइल चालव की. पण तिथे चालवायला जीव लागतो, अर्ज लिहावे लागतात, "साहेब जेवायला गेलेत" हे ऐकावं लागतं. म्हातारीने कोटाचा रंग चुकवला हे सिद्ध करायला काही लागत नाही, नुसता अंगठा लागतो.

एवढ्यात दादा आले. दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. त्या सकाळी धाब्यावर ॲन्टेना धरून उभे होते ते. ॲन्टेना बांबूला बांधलेली असली, तरी वारा सुटला की ती पश्चिमेला तोंड फिरवायची, म्हणून कुणीतरी वर लागायचंच, आणि आळीतला सगळ्यात उंच म्हणून ते काम कायम दादांकडे. म्हणजे अख्ख्या गावात ज्या एका माणसाने ते गाणं नक्की, शंभर टक्के, कोणत्याही भूमितीने पाहिलेलं नाही, ते दादा. आणि गावात ते सगळ्यात रंगवून सांगतात तेही दादाच. भीमसेनजींचा हात कसा वर गेला, लताबाईंचा पदर कसा होता, सगळं. रंगासकट.

भाच्याने त्यांना गाठलंच. "दादामामा, तुम्ही तर वर होता. तुम्हाला काय दिसलं?"

दादांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ते भाव पाडणाऱ्या अडत्याकडे टाकतात.

"काहून बे, मले काय इचारतं? खालून पोट्टे वरडत होते ना, 'आलं, आलं! दादा, पाणी दिसून रायलं! पाणी पडून रायलं!' म्या वरून म्हटलं, 'अबे, मले काय सांगता? मी भिजून रायलो ना इथं!'"